संत्र्यावरचा डाग कुणी पाडला?

नांदगाव खंडेश्वरात सफरचंद दिसतं ते फळवाल्याच्या गाडीवर. परसातलं, आपल्या हातानं पाणी घातलेलं फळ म्हटलं की इथं संत्रा, नाहीतर कागदी लिंबू. तसा हा तालुका सोयाबीन, तूर आणि कपाशीचा. संत्र्याचं राज्य वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव या पट्ट्यात. आपल्याकडे मोठे बगीचे त्या मानानं कमी, पण विहिरीच्या काठाला, गोठ्यामागे, घराच्या पडवीसमोर हौसेनं दोन-चार कलमं लावणारे लोक गावोगाव भेटतात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची कथाही अशीच हौसेपासून सुरू होते. नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेकडून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडून, रोपं आणवून आपल्या बागेत लावली असं सांगतात.

बगीचेवाल्याचं फवारणीचं वेळापत्रक ठरलेलं असतं, व्यापारी सौद्याला येणार म्हणून सालीवर त्याची नजर असते. घरच्या झाडाला असं कुणी नाही. त्यामुळे वऱ्हाडातल्या संत्र्याला जेवढे म्हणून डाग पडू शकतात ते सगळे या दोन-चार झाडांवर बघायला मिळतात. दिवाळीच्या आसपास आंबिया बहाराच्या फळावर रंग चढू लागला की ते डाग उठून दिसतात आणि मग कुठल्याही अंगणात एकच प्रश्न ऐकू येतो, "काकाजी, संत्र्याले डाग पडले ना, काय मारू?"

या प्रश्नात घाई आहे. काय मारायचं हे ठरवण्याआधी डाग कुणी पाडला ते कळायला हवं, आणि दिवाळीत दिसणाऱ्या डागांपैकी पुष्कळांचा कर्ता होळीच्या सुमारासच आपलं काम आटोपून निघून गेलेला असतो. व्रणावर औषध मारून व्रण जात नाही. कृषी सेवा केंद्रात मोबाइलवरचा फोटो दाखवून आणलेल्या तीन बाटल्या अशा वेळी झाडाच्या काहीच कामाच्या नसतात.

डाग वाचायचा तर आधी साल समजून घ्यावी लागते. संत्र्याच्या सालीवर सुईच्या टोकाएवढे जे ठिपके दिसतात त्या तेलाच्या ग्रंथी. साल दिव्याच्या ज्योतीजवळ दुमडली की तडतड करत पेटतं ते हेच तेल. ते फळाची राखण करतं, पण ग्रंथी फुटली तर तेच शेजारच्या पेशींना जाळतं. किडीनं खरवडलं, पान घासलं, गार लागली, कसंही झालं तरी फुटलेल्या ग्रंथीभोवती पेशी मरतात आणि फळ त्या जागी बुचासारखा खरखरीत थर चढवतं. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मार्च-एप्रिलमध्ये फळ ज्वारीच्या दाण्यापासून बोराएवढं होतं, पावसाळ्यात ते भरतं आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरतं. बोराएवढं असताना पडलेला तिळाएवढा ओरखडा फळाबरोबर वाढत जातो, ताणतो, भेगाळतो आणि दिवाळीला कितीतरी मोठा दिसतो. म्हणून डाग जितका पसरट, फिकट आणि कोरडा, तितका तो जुना असं धरून चालायला हरकत नाही. ओला, मऊ किंवा रोज वाढणारा डाग मात्र आजचा असतो आणि धावपळ करायची ती त्याच्यासाठी.

पहिली परीक्षा अगदी सोपी. अंगठा थुंकीनं ओला करून डागावर घासा. काळं निघून आलं आणि खाली स्वच्छ साल दिसली, तर ती कोळशी.

कोळशीनं वऱ्हाडाला जेवढं रडवलं तेवढं फार थोड्या रोगांनी रडवलं असेल. खरं तर फळाला यात रोग असा नसतोच. काळी माशी नावाची, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची एक कीड पानाच्या मागच्या बाजूला अंडी घालते. ती एका रेषेत घालत नाही, गोल फिरत घालते. पान उलटून उन्हाकडे धरलं तर पिवळसर अंड्यांचा हा फिरकीसारखा घेर साध्या डोळ्यांनीही दिसतो. अंड्यातून निघालेली पिल्लं पानाला चिकटून रस पितात, काळी होतात आणि नको असलेला गोड रस बाहेर टाकतात. तो खालच्या पानांवर, फळांवर ठिबकतो आणि त्या साखरेवर काळी बुरशी वाढते. बुरशी झाडातलं काही खात नाही, पण पानांवर काजळी चढली की ऊन आत पोचत नाही, झाड अर्धपोटी राहतं आणि पुढच्या बहाराला फुलंच कमी येतात. खोडावर मुंगळ्यांची रांग वरखाली करताना दिसली तर वर कुठंतरी हा गोड रस सांडतो आहे असं समजावं.

कोळशीत चूक होते ती वेळेची. काळं दिसलं की फवारा मारला जातो, तोवर पिल्लांच्या पाठी टणक झालेल्या असतात आणि औषध त्यांना शिवत नाही. वर्षाला साधारण तीन पिढ्या होतात, आंबिया, मृग आणि हस्त या तिन्ही बहारांच्या नव्या पालवीवर. नवी पालवी दिसली की आठवड्यातून एकदा पानं उलटून बघायची. निम्मी अंडी फुटलेली दिसली तो दिवस फवारणीचा, आणि पंधरा दिवसांनी दुसरी. घरच्या झाडाला दहा लिटर पाण्यात ५० ते १०० मिलि निंबोळी तेल आणि चमचाभर धुण्याची पावडर पुरते. फवारा खालून वर, पानाच्या पाठीला लागला पाहिजे. वरून आंघोळ घातल्यासारखा फवारा मारणाऱ्याला समाधान मिळतं, माशीला काही होत नाही.

या काळ्या माशीची एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ही कीड आशियातली, पण गेल्या शतकात ती अमेरिका खंडात पोचली आणि मेक्सिकोतल्या संत्रा-मोसंबीच्या बागा तिनं घाईला आणल्या. तेव्हा, १९४९-५०च्या सुमारास, तिथल्यासाठी भारत-पाकिस्तानातून तिचे नैसर्गिक शत्रू गोळा करून नेले गेले. हे शत्रू म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाशीच्या कुळातल्या माश्या. त्या काळ्या माशीच्या पिल्लाच्या अंगात अंडं घालतात आणि त्यांचं पिल्लू तिला आतून खाऊन टाकतं. मेक्सिकोत हा उपाय कमालीचा लागू पडला. १९७६ साली फ्लोरिडात काळी माशी सापडली तेव्हा तिथल्या लोकांनीही पुढे याच कुळातल्या माश्यांवर भिस्त ठेवली. त्या माश्या मूळच्या आपल्याकडच्या, आणि आपल्याच अंगणात दर पंधरवड्याला जहाल औषध मारून आपण त्यांना आधी संपवतो. आपल्या झाडावर त्या आहेत का हे बघायचं असेल तर पानामागच्या काळ्या खपल्यांकडे भिंगातून बघा. खपलीला 'टी' अक्षरासारखी चीर पडली असेल तर त्यातून काळी माशी उडून गेली. टाचणीनं पाडावं तसं गोल भोक असेल तर तिला खाऊन तिचा शत्रू बाहेर पडला. गोल भोकं पुष्कळ दिसत असतील तर फवारा कोपऱ्यात ठेवून द्यावा.

आता न पुसला जाणारा डाग. त्याची जागा बघायची. देठाच्या टोपीभोवती करड्या-चंदेरी रंगाचं गोल कडं पडलं असेल, कंपासनं आखावं इतकं नेमकं, तर ते फुलकिड्यांचं काम. फुलाच्या पाकळ्या गळताना कोवळ्या फळाच्या देठाखाली हे किडे लपतात आणि टोपीच्या कडेनं साल खरवडतात. फळ मोठं होतं तसं ते कडं देठापासून लांब सरकतं. वर्षभरात या किड्याला अडवायची एकच संधी असते, पाकळ्या गळून फळ ज्वारी-वाटाण्याएवढं असताना. त्या पंधरा दिवसांत निंबोळी अर्काच्या एक-दोन फवारण्या झाल्या तर झाल्या. पांढऱ्या कागदावर मोहोराची फांदी हलकेच झटकली की पिवळसर, सुतासारखे किडे कागदावर पळताना दिसतात. दिसले नाहीत तर फवारूही नये. फूल उमललेलं असताना तर नाहीच नाही, कारण तेव्हा झाडावर मधमाश्यांची वर्दळ असते.

कडं नसून अर्ध्या फळाला तांबडट-तपकिरी झाक आली असेल, एखाद्या फळावर तर लोखंड गंजल्यासारखा पट्टा असेल, तर तो लाल्या. कपाशीच्या पानांवरचा लाल्या वेगळा, हा वेगळा. हा कोळ्याचा, पण जाळं विणणाऱ्या कोळ्याचा नव्हे. फिकट पिवळा, गाजरासारखा निमुळता, चारच पायांचा हा जीव मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या भागाएवढा असतो. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघितलं तरी सालीवर हळदीची बारीक धूळ सांडल्यासारखी दिसते, आणि थोडा वेळ डोळा स्थिर ठेवला तर ती धूळ हलते. त्याची सवय मोठी मजेची आहे. त्याला उजेड हवा, पण भाजणारं ऊन नको. म्हणून फळाच्या ज्या भागावर थेट ऊन पडतं तो वाटोळा तुकडा स्वच्छ पिवळा राहतो आणि त्याच्या सभोवार तांबूस पट्टा पडतो. हे एकदा नीट पाहिलं की लाल्या लांबूनच ओळखू येतो.

लाल्या लवकर पडला, म्हणजे फळ लिंबाएवढं असताना, तर साल खरखरीत होते आणि फळ लहान राहतं. उशिरा पडला तर साल गुळगुळीतच राहते, नुसती तांब्याची चकाकी येते. आतल्या फोडींना दोन्ही वेळी काही होत नाही. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक हा जुना, स्वस्त आणि चांगला उपाय आहे, मात्र त्याला दोन पथ्यं आहेत. पारा ३५ अंशांच्या वर असताना गंधक मारू नये आणि तेलाच्या फवारणीच्या मागंपुढं दोन-तीन आठवडे तर अजिबात नको. नाहीतर गंधकानंच साल भाजते आणि लाल्यापेक्षा वाईट डाग आपणच पाडून बसतो. फवारणीनं पडलेले डाग हा तसा सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. भर उन्हात मारलेलं औषध फळाच्या अंगावरून ओघळतं, बुडाशी थेंब साचतो, तिथंच वाळतो आणि बुडावर एक गोल जळका शिक्का उठतो. झाडावरच्या सगळ्या फळांच्या बुडाला एकसारखे शिक्के असतील तर कीड शोधत बसू नका, फवारणी कुणी आणि किती वाजता केली तेवढं विचारा.

वाऱ्याचे आणि उन्हाचे डाग ओळखायला तर भिंगही लागत नाही. फळाला लागून एखादी काटकी किंवा पान आहे का बघायचं. मार्च-एप्रिलच्या वावटळीत तेच पान दिवसभर कोवळ्या फळावर घासत असतं. त्याचा ओरखडा वेडावाकडा, फिकट आणि पूर्ण कोरडा असतो. पश्चिमेला शेवरीची ओळ लावली, वाळक्या काड्या वेळेवर छाटल्या, तर हे डाग बरेच कमी होतात. उन्हाचा चट्टा नेहमी फळाच्या पश्चिम किंवा नैर्ऋत्य अंगाला, झाडाच्या बाहेरच्या बाजूला असतो. आधी पिवळा, मग तपकिरी, आणि खालच्या फोडी सुकून भुसभुशीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बाहेरची काही फळं भाजणारच. झाडाचा आकार छत्रीसारखा ठेवून फळं पानाआड राहू दिली आणि आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन टाकलं की पुष्कळ निभावतं.

इथवरचे सगळे डाग सालीपुरते आहेत, उन्हाचा तेवढा अपवाद. आता त्या डागांकडे येऊ ज्यांच्यामुळे फळ झाडावर टिकत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात सकाळी झाडाखाली पाच-सहा फळं पडलेली दिसतात. वरून चांगली, पिवळट झालेली. एक उचला आणि बोटांनी हलकेच दाबा. सुईच्या भोकातून यावी तशी रसाची बारीक पिचकारी उडाली, तर रात्री पतंग येऊन गेला. भोकाभोवती वाटोळा मऊ तपकिरी डाग असतो आणि कापून बघितलं तर त्या जागेची फोड रस निघून गेल्यानं स्पंजसारखी दिसते. भोकातून बुरशी आत शिरते आणि तीन ते पाच दिवसांत फळ गळतं. फळमाशीचं भोकही असंच बारीक असतं, पण त्यातून पिचकारी येत नाही. फळ कापलं की आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. पोपटानं किंवा बुलबुलानं फोडलेलं फळ उघड्या खळग्यानं कळतं, तिथं शंकेला जागा नाही.

रस शोषणारा हा पतंग एकदा जवळून बघण्यासारखा आहे. सूर्य मावळल्यावर तास-दोन तासांनी बॅटरी घेऊन झाडाजवळ जा. फळावर वाळकं पान चिकटल्यासारखं दिसेल. उजेड पडला की दोन डोळे लालसर चमकतात. तो उडाला की वाळक्या पानाच्या खालून एकदम नारिंगी रंगाचे मागचे पंख उघडतात, त्यावर काळा ठिपका आणि काळी किनार. पसरले तर तीन-चार इंच सहज भरतात. बाकीच्या पतंगांची सोंड मऊ, फुलातला मध ओढण्यापुरती. याची सोंड मात्र टणक आणि टोकाशी करवतीसारखी दातेरी, साल आरपार भोसकणारी. मग त्यानं पाडलेल्या भोकातून दुसरे दुबळे पतंगही फुकट जेवून जातात.

या पतंगाचा बंदोबस्त संत्र्याच्या झाडावर होत नाही, हे मुळात ध्यानात घ्यायला हवं. तो रात्री येतो, रस पितो आणि निघून जातो. फळावर मारलेलं औषध त्याच्या सोंडेला फारसं लागतच नाही. त्याच्या अळ्या वाढतात गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींवर. कोरोनाच्या काळात काढ्यासाठी म्हणून घरोघरी गुळवेल लावली गेली, कडुनिंबावर चढवली गेली. ती छान माजली आहे आणि तिच्याखालीच संत्र्याचं झाड आहे, असं चित्र असेल तर पतंगाला जेवण आणि पाळणाघर दोन्ही एकाच अंगणात मिळालं. गुळवेल उपटाच असं मी म्हणणार नाही, औषधी आहे, घरात लागते. पण जुलैपासून तिची पानं आठवड्याला बघावीत. अळी काळपट, दोन-अडीच इंचांची, अंगावर डोळ्यांसारखे मोठे गोल ठिपके असलेली, आणि डिवचली की डोकं आत वळवून बसणारी. हातमोजा घालून वेचावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. कुंपणावरची वासनवेल मात्र खुशाल काढून टाका.

बाकी उपाय जुनेच आहेत आणि घरच्या झाडाला पुरेसे आहेत. गळालेलं फळ त्याच दिवशी उचलून दोन फूट खोल पुरायचं, कारण सडक्या फळाच्या वासानं पतंग लांबून येतात. संध्याकाळी सात ते दहा झाडाखाली ओल्या पाल्याचा धूर करायचा. फळाचा हिरवा रंग मोडायच्या आत त्याला सैलसर कागदी पिशवी बांधायची. हजार झाडांच्या बगीच्यात हे शेवटचं परवडत नाही, दोन झाडांवर सहज होतं. फळमाशीसाठी एखादा कामगंध सापळा टांगा, त्यात फक्त नर अडकतात. म्हणून सापळा आहे तेव्हा पडलेली फळं राहू द्या, असा हिशेब करू नका.

भरपावसातला दुसरा डाग याहून घातक. झाडाच्या खालच्या घेरातली, जमिनीपासून दोन-तीन फुटांतली फळं. एका बाजूनं फिकट तपकिरी होत जाणारी, पण दाबली तर मऊ न लागता कातड्यासारखी चिवट लागणारी. वास उग्र, आंबूस. झड लागून राहिली तर त्यावर पांढुरका मऊ थर. ही तपकिरी कूज. ती करणारी फायटोप्थोरा ही बुरशी जमिनीतली, आणि बुंध्यातून डिंक गाळणारा डिंक्या याच बुरशीचा. पावसाचा थेंब मातीवर आपटतो, शिंतोडा उडतो आणि बुरशी फळावर बसते. म्हणून आधी खालची फळं जातात आणि वरची वाचतात. वरची आणि खालची सारखीच सडत असतील तर कारण दुसरं आहे, बहुधा देठाकडून कुजवणारी बुरशी.

आपली काळी कसदार माती कपाशीला जेवढी मानवते तेवढी संत्र्याच्या मुळाला मानवत नाही. ती पाणी धरून बसते, आणि पाणी साचलं की फायटोप्थोराला रान मोकळं. घरच्या झाडाचं तर आणखी एक दुखणं असतं. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी वाया जाऊ नये म्हणून चर काढून ते थेट संत्र्याच्या बुंध्याशी सोडलेलं असतं. काटकसर चांगली, पण बुंधा बारा महिने ओला राहिला की डिंक्या ठरलेला. पाणी द्यायचं तर दुहेरी आळं करावं. आतल्या आळ्यात खोडाभोवती माती कोरडी राहते, पाणी बाहेरच्या आळ्यात फिरतं आणि तिथंच तर पाणी ओढणारी बारीक मुळं असतात. कलम घेतानाच डोळा जमिनीपासून नऊ इंच तरी वर भरलेला आहे ना हे बघून घ्यायचं, आणि लावताना तो मातीत गाडायचा नाही. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांतून येणारी कलमं जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली असतात. जमिनीतल्या बुरशीशी झुंज खुंटानंच द्यायची असते. वरचा संत्रा त्या कामाचा नाही.

पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावायचं, आणि पावसाळ्यात एक-दोनदा खालच्या घेरावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायचं. फ्रान्समधल्या बोर्डो गावच्या द्राक्षमळ्यांतून आलेला हा उपाय मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८५ साली जगापुढं मांडला आणि आजही त्याची किंमत कमी झालेली नाही. घरच्यापुरतं करायचं तर १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरात. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडी बादली चालत नाही. मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं, आकाशी रंग येतो. मग त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवायचा. खिळ्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी आहे, थोडा घालायचा आणि परत खिळा बुडवायचा. पुट चढेनासं झालं की मिश्रण तयार. त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर उद्यासाठी ठेवायचं नाही. मलमाला हेच माप, फक्त पाणी एक लिटर. आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटून झाडाचा घेर दोन-अडीच फूट उचलून घ्यायचा, फळानं लवलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू द्यायचे. औषधाआधी हे केलं तर औषध क्वचितच लागतं.

शेजारी कागदी लिंबाचं झाड असेल तर त्याच्या फळावर उंचवट्याचे, खडबडीत, खैरी रंगाचे फोड दिसतील. पानावर तसेच फोड, भोवती पिवळी वलयं. हा खैऱ्या. तो जिवाणूंचा, पावसाच्या शिंतोड्यानं आणि नागअळीनं पोखरलेल्या पानांतून पसरणारा. लिंबाला तो फार, संत्र्याला क्वचित. म्हणून संत्र्यावरचा प्रत्येक खडबडीत डाग खैऱ्या समजून लिंबाचं औषध संत्र्याला मारू नये. रोगट काड्या उन्हाळ्यात छाटून जाळल्या तर पुढच्या पावसात लिंबावरही तो आटोक्यात राहतो.

मग एवढं सगळं बघून झाल्यावर फवारायचं किती? माझं मत विचाराल तर घरच्या झाडाला फारच थोडं. व्यापारी डागी फळाचा भाव पाडतो, कारण मुंबई-दिल्लीचं गिऱ्हाईक सालीवरून माल पारखतं. बगीचेवाल्याला त्या हिशेबानं चालावं लागतं. आपल्याला साल सोलून टाकायची असते. फुलकिड्यांचं कडं, लाल्याची तांबडी झाक, वाऱ्याचा ओरखडा आणि कोळशीची काजळी, या चारही डागांच्या फळांची चव बिनडागी फळासारखीच असते. कोळशी तेवढी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी. ज्याला भोक आहे, जे मऊ पडलं आहे किंवा ज्याला आंबूस वास येतो, ते पोराबाळांना देऊ नये. इतका फरक कळला तर निम्म्या बाटल्या विकत आणायची गरज उरत नाही. अंगणात फवारलेलं औषध उघड्या विहिरीत, वाळत घातलेल्या पापडांवर आणि पाळण्यातल्या पोरावर जातं हेही ध्यानात असू द्या. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं दगावली, हा काही फार जुना इतिहास नाही. दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळायची सवय तर घरच्या झाडापुरती आजच सोडावी.

यातूनही डाग ओळखू आला नाही, तर अंदाजानं फवारू नका. बडनेऱ्याजवळ दुर्गापूरला आणि अमरावतीजवळ घातखेडला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था हे काम वर्षानुवर्षं करत आहेत. तिथं नुसता फोटो नेऊ नका. डाग नुकता सुरू झालेलं एक फळ, पूर्ण डागलेलं एक आणि त्याच फांदीची पानं असलेली काडी न्या. झाडाच्या कुठल्या बाजूचं, किती उंचीवरचं, डाग पहिल्यांदा कधी दिसला आणि शेवटची फवारणी कशाची झाली, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. आणि फळं कागदात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पन्नीत ती घामेजतात आणि तिथं पोचेपर्यंत त्यावर भलतीच बुरशी चढलेली असते.